वेंडेल ब्रेक्कीच्या न फिरणाऱ्या पिना

वेंडेल ब्रेक्कीला स्वतःला नावं ठेवायची सवय होती, आणि बेअर क्रीकमध्ये ती चांगल्या वळणाची खूण समजली जाते. आमच्या इथे जिल्ह्याच्या जत्रेत जिच्या सफरचंदाच्या केकला पहिल्या नंबरची निळी फीत मिळते, ती बाईसुद्धा ताटली पुढे करताना म्हणते, "खालून करपलाय, नाही आवडला तर कुत्र्याला घाला." जिचा खरोखर करपलेला असतो तीही तेच म्हणते. त्यामुळे बोलण्यावरून काहीच कळत नाही, खाऊन बघावं लागतं.

वेंडेलनं उभा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. विस्कॉन्सिनच्या थंडीत जिथे माणसाचे डोळे उघडत नाहीत तिथे त्याच्या बसगाड्या एका चावीत सुरू व्हायच्या. कुणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "मी काय, नुसते नट पिळतो. गाडीच शहाणी आहे." पोराला फोनवर घरी बोलावतानाही हीच भाषा. "कशाला एवढ्या लांब येता? रस्ते घाणेरडे, घर गार, त्यात माझी बडबड. पण आलात तर आलात." पोरगा, अँडर्स, लग्न करून लांब न्यू मेक्सिकोत राहत होता. तो आणि त्याची बायको रेनाता नाताळला यायचे, एक रात्र राहायचे आणि सकाळी निघायचे. वेंडेलला ते लागायचं. पण लागतंय हे सांगणं म्हणजे स्वतःला फार किंमत देणं, म्हणून तो गप्प बसायचा आणि तळघरात जाऊन रायफल पुसायचा.

एकाच विषयात वेंडेल नम्र नव्हता. तो विषय म्हणजे पिना.

रायफलीचा चाप आणि चाप ओढल्यावर आत उडणारी छोटी हातोडी, दोन्ही ॲल्युमिनियमच्या बॉडीत दोन बारक्या पिनांवर झुलतात. कारखान्यातून येतात त्या पिना साध्या, टोकाजवळची बारीक खाच सोडली तर गुळगुळीत, वरून कशानंही न आवळलेल्या. वेंडेलचं म्हणणं असं, की त्या फिरत राहतात, फिरून फिरून भोकं झिजवतात, आणि एक दिवस चापाची पिन बिळातल्या उंदरासारखी बाहेर डोकावते. उपाय म्हणजे बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या न फिरणाऱ्या पिना. दोन्ही बाजूंनी स्क्रू, वरून दोन्हींना जोडणारी पट्टी, हलायची बिशाद नाही. बाहेरगावचे लोक म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड. साध्या पिनेला काय धाड भरलीय? वेंडेल त्यांना फक्त एकच गोष्ट सांगायचा. बेअर क्रीकच्या नेमबाजी क्लबात साध्या पिनांच्या जेवढ्या रायफली जोडल्या गेल्या, त्या सगळ्यांच्या चापाच्या पिना बाहेर आल्या. एकही अपवाद नाही.

आणि हे खरं होतं. आमच्या क्लबात फेब्रुवारीत, बर्फामुळे दुसरं काही सुचत नाही तेव्हा, एक शनिवार रायफली जोडायचा असतो. लांब टेबलं मांडायची, कोपऱ्यात चिलीचं, म्हणजे तिखट राजमा-खिम्याचं, पातेलं रटरटत ठेवायचं, आणि सुटे भाग घेऊन बसायचं. टेबलाच्या टोकाशी वेंडेल उभा राहून शिकवणार. वसंतात बर्फ वितळलं की एकेकाची पिन बाहेर. मग सगळे गस झील्कीच्या दुकानात. झील्की बंदुकांचा दुकानदार आणि क्लबचा अध्यक्षही. त्यानं त्या पिना खोक्यानं मागवायला सुरुवात केली, तेव्हा बनवणाऱ्यांचा माणूस फोनवर म्हणाला म्हणे, तुमच्या गावात नक्की काय चाललंय? झील्कीनं अभिमानानं सांगितलं, "आमच्याकडे एक जाणकार आहे."

जाणकारानं या वर्षी आणखी पुढचं पाऊल टाकलं. क्लबच्या स्पर्धेत न फिरणाऱ्या पिना नसलेली रायफल उतरवू देऊ नये, असा ठराव त्यानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला मांडून ठेवला. मतदान सप्टेंबरच्या सभेत, स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तेव्हा कुणाला कळलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये रेनाताचा फोन आला. सासऱ्याला तिनं स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन. क्लबात म्हणे घरातल्या दोघांच्या जोडीची स्पर्धा असते. तुमच्याबरोबर मी उतरले तर चालेल का? अँडर्सला रायफलीत कधीच रस नव्हता, पण रेनाता आजोबांच्या हाताखाली नेमबाजी शिकलेली होती. वेंडेल म्हणाला, "माझ्याबरोबर उतरून नाक कापून घेशील." मग तिनं विचारलं, "म्हणजे नको?" लोर्नानं, म्हणजे वेंडेलच्या बायकोनं, त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि सांगितलं, "हो म्हणतोय तो. या."

फोन ठेवल्यावर लोर्ना नवऱ्याकडे वळली. "पोरगी आपण होऊन येतेय. चार दिवस राहणार आहेत. हे चार दिवस नीट गेले तर पुन्हा येतील, नाहीतर नाताळची ती एक रात्रही जाईल. तू पिनांवर एक शब्द बोलायचा नाहीस."

"एकही?"

"तोंड उघडशील ते जेवायला."

वेंडेलनं कबूल केलं. मग झील्कीकडे जाऊन पिनांचा एक नवा संच आणला आणि सुनेसाठी भेट म्हणून रंगीत कागदात बांधून ठेवला. भेट म्हणजे काही बोलणं नव्हे, असं त्यानं मनाशी ठरवलं.

गुरुवारी दुपारी दोघं आले. अँडर्स आईबरोबर स्वयंपाकघरात रमला आणि रेनाता आपली पेटी घेऊन तळघरात उतरली. पेटी उघडली तशी वेंडेलची नजर सरळ बॉडीच्या कडेला गेली, एखाद्याची पाहुण्याच्या मोज्यातल्या भोकाकडे जावी तशी. साध्या पिना. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि रंगीत पुडकं पुढे केलं.

रेनातानं कागद फाडला, आतली डबी बघितली, मनापासून आभार मानले आणि डबी बाजूला ठेवली. ती म्हणाली, ही रायफल आजोबांनी जोडलेली आहे. एउसेबिओ आजोबांनी, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, स्वयंपाकघराच्या टेबलावर. हात इतके थरथरत होते की पिना तिला धरायला लागल्या आणि ते वरून हलके ठोके देत होते. "तेल मी घालते, कचरा मी काढते. पण त्यांनी बसवलेलं काही काढत नाही."

इथे गप्प बसायचं होतं. वेंडेलला ते कळत होतं. पण दारुड्याला बाटली दिसावी तसं झालं, आणि लोर्नाला दिलेला शब्द जिन्यावरच राहिला. त्यानं सगळं सांगितलं. झिजणारी भोकं, डोकावणारी पिन, आणि शेवटी हुकमाचा पत्ता: आमच्या क्लबात एकूण एक रायफलीची पिन बाहेर आली.

"एकूण एक?" रेनातानं विचारलं.

"एकही सुटली नाही."

"आजोबांनी आमच्याकडच्या अर्ध्या खोऱ्याच्या रायफली जोडल्या. एकाचीही आली नाही." ती वाद घालत नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं. "तुमची बघू?"

वेंडेलनं आपली रायफल कौतुकानं टेबलावर ठेवली. गोळ्या नाहीत हे दोघांनी बघून घेतलं, मग तिनं ती उघडली, दिव्याखाली धरली, आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, "वेंडेल, ही हातोडीची स्प्रिंग कुणी बसवली?"

"मीच. का?"

"हिचे पाय खाली का आहेत?"

वेंडेलचा चेहरा खुलला, कारण ही त्याची स्वतःची सुधारणा होती आणि आजवर कुणी विचारलीच नव्हती. हातोडीच्या स्प्रिंगला दोन लांब पाय असतात. सुट्या भागांबरोबर येणाऱ्या चित्रात ते चापाच्या पिनेवर टेकवलेले दाखवतात. वेंडेलनं पहिल्याच रायफलीला विचार केला, की एवढ्या ताकदीच्या स्प्रिंगचं ओझं त्या काडीएवढ्या पिनेवर कशाला? बसच्या पेडलची स्प्रिंग बॉडीवर टेकते, मग हीही टेकू दे. म्हणून त्यानं पाय पिनेखालून घालून तळाशी टेकवले, आणि तेव्हापासून फेब्रुवारीच्या शनिवारी सगळ्यांना तसंच शिकवलं. "बिचाऱ्या पिनेवर ओझं नको," तो म्हणाला.

रेनाता हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिनं आजोबांची रायफल उघडून त्याच्यासमोर ठेवली. स्प्रिंगचे दोन्ही पाय चापाच्या पिनेवर होते, आणि त्यातला एक पिनेच्या टोकाजवळच्या बारीक खाचेत बसला होता. तिनं पिनेचं टोक अंगठ्यानं दाबलं. पिन हलली नाही. मग तिनं वेंडेलला त्याच्या जुन्या साध्या पिना मागितल्या. त्यानं त्या बरणीत जपून ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून. स्क्रूच्या पिना काढून त्या घातल्या, आणि तिनं नुसत्या करंगळीनं ढकललं. चापाची पिन सुरकन पलीकडून बाहेर आली आणि टेबलावरून घरंगळत खाली पडली.

वेंडेल यंत्रातला माणूस होता. त्याला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. ती खाच कशासाठी असते हे इतक्या वर्षांत त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं; त्याला वाटायचं, कारखान्यातल्या लोकांना हौस. आता कळलं की ते ओझंच पिनेला जागेवर धरून ठेवत होतं, आणि ते यानं काढून घेतलं होतं. गावातल्या एकूण एक रायफलीतून.

"म्हणजे या पिना," तो डबीकडे बोट दाखवून म्हणाला.

"वाईट नाहीत. चांगल्या बनवल्यात," रेनाता म्हणाली. "फक्त गरज नव्हती."

त्या रात्री जेवताना वेंडेल काही बोलला नाही. लोर्नाला वाटलं, शब्द पाळतोय. तिनं त्याला बटाटे जास्त वाढले.

शुक्रवारी सकाळी तो झील्कीच्या दुकानात गेला. डोक्यात एकच गोष्ट होती: संध्याकाळचा ठराव. तो मंजूर झाला तर परवा आजोबांची रायफल नेमबाजीच्या रेषेवर उभी राहणार नाही, आणि ज्या स्पर्धेसाठी पोरगी एवढ्या लांबून आली त्यातून तिला तिच्याच सासऱ्याचा नियम बाहेर काढणार. मग पुढच्या वेळी कशाला येतील? गिऱ्हाईक जाईपर्यंत तो काडतुसांची खोकी वाचत उभा राहिला, आणि मग ठराव मागे घेतो म्हणाला. झील्कीनं चष्मा कपाळावर चढवला. ठराव एकदा मांडला की तो क्लबचा झाला, असं तो म्हणाला, आणि तुझं काय बिनसलंय? वेंडेलनं स्प्रिंगची हकीकत सांगितली. झील्कीनं ती ऐकून घेतली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुनेची रायफल साध्या पिनांची आहे, हे कळलं मला. आत्ता तूच सांगितलंस. अरे, घरच्यासाठी माणूस काय काय करतो. पण स्वतःवर एवढं घेऊ नकोस लेका."

"गस, मी खरं सांगतोय."

"तू नेहमीच असं सांगतोस," झील्की प्रेमानं म्हणाला. त्याच्या मागच्या फळीवर त्या पिनांच्या डब्यांची भिंत होती, ती त्याला दिसत नव्हती असंही नाही.

संध्याकाळी क्लबात शुक्रवारचे तळलेले मासे, राईचा पाव आणि कोबीची कोशिंबीर झाली, ब्रँडीचे पेले फिरले, आणि सभा सुरू झाली. रेनाता आणि अँडर्स मागच्या बाकावर लोर्नाजवळ बसले. ठराव वाचला गेला तसा वेंडेल उभा राहिला. त्यानं दिवसभर मनात वाक्यं जुळवली होती. पण उभं राहिल्यावर तोंडातून तेच बाहेर आलं जे आयुष्यभर येत आलं होतं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

सगळे खुशीत हसले. झाला, वेंडेल सुरू झाला. कुणीतरी टेबल वाजवलं.

तिथून पुढे काहीच सावरलं नाही. तो म्हणाला, मी तुम्हा सगळ्यांना स्प्रिंग उलटी शिकवली, लोक हसले. तो म्हणाला, मी स्वतःच छपराला भोकं पाडली आणि मग घराघरांत छत्र्या विकायला लावल्या. लोक इतके हसले की एकाच्या नाकात ब्रँडी गेली. जितकं तो स्वतःला बोलत गेला तितकं त्यांना त्याच्याबद्दल जास्त प्रेम वाटत गेलं. एक जण उठून म्हणाला, माझी पिन सोयाबीनच्या शेतात पडली होती, मी गुडघ्यांवर बसून शोधली, ती काय स्प्रिंगमुळे? "हो," वेंडेल ओरडला. "मी शिकवलेल्या स्प्रिंगमुळे." त्या माणसानं मान हलवली आणि सभेला म्हणाला, "बघा. एवढं करून श्रेय म्हणून घेत नाही."

मग ते त्याचीच वाक्यं त्याला ऐकवायला लागले. भोकं झिजतात, वेंडेल. एकही अपवाद नाही, वेंडेल. त्यानं इतकी वर्षं इतकं चांगलं पटवलं होतं की आता खुद्द त्यालाही ते कुणाच्या डोक्यातून काढता येईना. हात वर झाले. विरोधात फक्त वेंडेलचा आणि लोर्नाचा, आणि लोर्नाला तर नक्की कशाला विरोध करायचा हेही कळलं नव्हतं. झील्कीनं जाहीर केलं की हा नियम आता ब्रेक्की नियम म्हणून ओळखला जाईल, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वेंडेलनं मागच्या बाकाकडे बघितलं. अँडर्स छताकडे बघत होता. रेनाता एकटी वेंडेलकडे बघत होती, आणि अख्ख्या सभागृहात हसली नव्हती ती तेवढी एकच.

शनिवारी सकाळी ती मागच्या पायरीवर चीजचे तुकडे खात बसली होती. वेंडेल शेजारी येऊन टेकला. त्यानं सांगितलं, माझी रायफल घे, तिच्यात त्या पिना आहेतच, तू माझ्या रायफलीनं उतर. ती म्हणाली, बघू. मग म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला आम्ही आलेलं खरंच नको असतं का?"

वेंडेलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच. फोनवर. दर वेळी. कशाला एवढ्या लांब येता, म्हणता." ती शांतपणे बोलत होती. "अँडर्स म्हणतो, त्यांची ती पद्धत आहे, तू मनावर घेऊ नकोस. पण आमच्याकडे ये म्हटलं की ये असतं आणि नको म्हटलं की नको. मी त्याला म्हटलं, म्हातारा माणूस दर वेळी नको म्हणतोय, तर एक रात्र राहू, तोंड दाखवू, आणि निघू. उगाच त्रास कशाला द्यायचा? काल तुम्ही त्या लोकांना खरं सांगत होता आणि त्यांनी ऐकलंच नाही. तेव्हा मला वाटलं, आपलंही काहीतरी चुकलं असेल, उलट्या बाजूनं."

चार नाताळ त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. प्रत्येक सकाळी तो दारात उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होता आणि गाडीत बसलेल्यांना वाटत होतं, सुटला बिचारा. "मी तर तुमच्यावर ओझं नको म्हणून तसं बोलायचो," तो शेवटी म्हणाला.

"स्प्रिंगचंही तुम्ही परवा हेच सांगितलंत," रेनाता म्हणाली, आणि चीजची पिशवी त्याच्यापुढे धरली.

त्यानं एक तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्याला रडू येत होतं आणि बेअर क्रीकमध्ये सकाळी पायरीवर बसून रडत नाहीत. तो उठून तळघरात गेला. दुपारभर वर फक्त हातोडीचे हलके ठोके ऐकू येत होते.

रविवारी मैदानात पिकअप गाड्यांच्या रांगा लागल्या. टेबलाशी झील्की बसून एकेक रायफल नव्या नियमानं तपासत होता. रेनाता पेटी न उघडताच कठड्याशी उभी होती. दुसऱ्याच्या रायफलीनं उतरण्यापेक्षा बघत उभी राहीन, असं तिनं ठरवलं होतं. वेंडेलनं आपली रायफल टेबलावर ठेवली. झील्कीनं सवयीनं कडेवर अंगठा फिरवला आणि थांबला.

"तुझ्या पिना कुठायत?"

"काढल्या."

"साध्या घातल्यास? आणि मग उतरणार कसा?"

"नाही उतरत. नियम आहे."

मागची रांग हसायला तयार होऊन उभी होती. आता तो म्हणणार, मी म्हणजे अस्सा मूर्ख. वेंडेल तसं काही म्हणाला नाही. त्यानं रायफल उघडली, झील्कीकडे वळवली आणि सांगितलं, "पाय पिनेच्या वर, एक खाचेत. दाब अंगठ्यानं." झील्कीनं दाबलं. पुन्हा दाबलं. "मी शिकवलेलं चूक होतं," वेंडेल म्हणाला, आणि रायफल उचलून सॉसेजच्या शेगडीकडे गेला, कारण स्पर्धेत नसलेल्या माणसानं आमच्याकडे शेगडी सांभाळायची असते.

कुणी हसलं नाही. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यात 'पण' नव्हता, गाढव नव्हतं, हसायला कुठे जागाच ठेवलेली नव्हती.

रेनाता येऊन शेगडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि चिमटा हातात घेतला. दोघांनी जोडीनं सॉसेज भाजली. पहिली फेरी संपल्यावर सोयाबीनवाला आला, इकडेतिकडे बघत, काखेत रायफल. माझे पाय कुठायत ते जरा बघतेस का, असं त्यानं रेनाताला विचारलं. त्याच्यामागे आणखी एक. थोड्या वेळानं पिकअपच्या मागच्या फळ्यांवर रायफली उघडून पडल्या होत्या आणि रेनाता एकेकाला आजोबांची रायफल दाखवत होती. सगळे आले नाहीत. काहींच्या मते वेंडेल सुनेच्या धाकात होता, आणि मनातून तो अजून स्क्रूच्या पिनांचाच आहे असं समजून ते आजही वागतात. ब्रेक्की नियम फलकावर हिवाळ्यापर्यंत तसाच राहिला. शेवटी झील्की आला, सॉसेज मागायच्या निमित्तानं, आणि हळूच वेंडेलला म्हणाला, "लोकांसमोर नको. पण उद्या दुकानात येऊन माझी बघ." मग सॉसेजला मोहरीचा सॉस लावत म्हणाला, "तेवढी खोकी आता मी कुणाला विकू?"

"छत्र्या म्हणून वीक," वेंडेल म्हणाला. तेवढं त्याला राहवलं नाही.

सोमवारी सकाळी अँडर्स आणि रेनाता निघाले. आमच्याकडे निरोप दारात सुरू होतो, ओसरीवर वाढतो आणि गाडीच्या खिडकीपाशी अर्धा तास अडकतो. लोर्नानं पाव दिला, मुरांबा दिला, पुन्हा जाऊन मासे दिले. अँडर्सनं इंजिन चालू केलं तेव्हा वेंडेल खिडकीत वाकला.

"थँक्सगिव्हिंगला या," तो म्हणाला.

लोर्ना पुढच्या वाक्याची वाट बघत थांबली. घाणेरडे रस्ते, गार घर, बडबड. वेंडेलचं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याचे कान लाल झाले होते, कुणीतरी त्याला भर रस्त्यात कपडे काढून उभं केल्यासारखे. "आठवडाभर राहा," तो म्हणाला. "मला हवे आहात तुम्ही."

"येतो," रेनाता लगेच म्हणाली, पट्टा बांधत. तिच्यासाठी तो प्रश्न तिथे संपला होता.

अँडर्सनं मात्र गाडी हलवली नाही. तो या घरात वाढलेला होता. दोन्ही हात चाकावर ठेवून तो बापाकडे बघत राहिला, चेहऱ्यावर हसू होतं पण डोळे भरले होते.

"रस्ते घाणेरडे असतात ना पण?" त्यानं विचारलं.

"असतात," वेंडेल म्हणाला. "तरी या."